वैनगंगेचा मोगली

मोगलीची गोष्ट आपल्या नदीची आहे, हे आमच्याकडच्या पुष्कळ लोकांना ठाऊक नाही. वैनगंगा सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ निघते, बालाघाटाकडून वळसा घेते, मग आमच्या भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातून खाली गडचिरोलीकडे जाते. १८९४ साली रुडयार्ड किपलिंगचं 'जंगल बुक' निघालं. त्यात सिवनीचे डोंगर आहेत आणि नावासकट ही नदीही आहे. किपलिंग जन्मला मुंबईत, पण हे पुस्तक त्याने लिहिलं अमेरिकेत, बर्फाच्या मुलखात बसून. पुढे जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशन कंपनीने १९८९ साली त्यावर बावन्न भागांचं कार्टून काढलं. ते हिंदी बोलू लागलं आणि १९९३ साली दूरदर्शनवरून आमच्या गावात आलं. म्हणजे सिवनीचं पोर अमेरिका-जपान फिरून, हिंदी शिकून, आमच्या छपरावरच्या अँटेनातून घरात उतरलं. सरळ नदीनं आलं असतं तर लवकर पोचलं असतं.

तेव्हा मी तिशी ओलांडली होती आणि पोरं शाळेत होती. गावात टीव्ही चार, त्यातला एक आमचा, काळापांढरा. रविवारी सकाळी ओसरीत पाय ठेवायला जागा नसायची. लाइन गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची, हे माझं काम. गुलजारांचं ते गाणं लागलं की शेण काढणारी पोरंही हात न धुता धावत यायची. गाण्याला चाल विशाल भारद्वाजची, हे खूप नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की हे गाणं लागलं आणि घरातलं माणूस कामाला हाक मारायला लागलं, तर त्या हाकेला कोणी ओ देणार नाही.

गेल्या पावसाळ्यात मुलाने कुठूनतरी त्या मालिकेच्या सीड्यांचा संच आणला. त्याला त्याच्या मुलीला दाखवायची होती. रोवणा आटोपला होता, बांधीत पाणी होतं, हाताला काम कमी. मी नातीसोबत बसून जवळजवळ सगळे भाग पाहिले. संच काही धड नाही. दोन सीड्या अडकतात, चित्र कुठेकुठे धुतल्या धोतरासारखं पांढरं पडलंय. तरी पाहिलं. ज्या गोष्टीवर आपली पोरं वाढली ती म्हातारपणी पुन्हा तपासून पाहावी, असं मला वाटतं. बियाणं पुन्हा पेरण्याआधी आपण उगवण तपासतोच ना?

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की हे कार्टून आठवड्याला एक या मापाने केलेलं आहे. सलग पाहिलं की त्याचा दम जातो. तेच गाणं, तीच झाडं, तोच धबधबा, मोगलीची तीच उडी पुन्हा पुन्हा येते. तेव्हा हे खटकलं नाही, कारण दोन भागांच्या मधे आमचा सबंध आठवडा असायचा. निंदण असायचं, शाळा असायची, बाजार असायचा. शेरखान आता काय करेल यावर पोरं बैलगाडीत भांडत जायची. अर्धी गोष्ट टीव्हीवर व्हायची आणि अर्धी गाडीत. सीडीत फक्त टीव्हीवरची अर्धी आहे. नातीने तर गाणं आलं की पुढे ढकलायचं बटण शोधून ठेवलं होतं. मी म्हटलं, "राहू दे वं बाई, गाणं राहू दे." ती म्हणाली, "आबाजी, तेच तर हाये!" तिचंही खरं होतं.

तरी मालिका टिकली, आणि ती कशाने टिकली ते सांगतो. एक, तिच्यातलं जनावर हे जनावर आहे. भालू लाडावतो, पण शिकवताना कडक आहे. बघीराच्या चालीत बिबट्याचं वजन आहे. चित्र काढणाऱ्याने मांजराच्या जातीचा प्राणी दबा धरताना नीट पाहिला असावा. खांदे वर येतात, पोट खाली जातं, डोकं मात्र हलत नाही. मी रानाला लागून शेती करतो. खोटी चाल मला लगेच दिसते, इथे ती फारशी दिसली नाही. आता कोणी म्हणेल, काळा बिबट्या कुठे असतो? असतो. ताडोबात लोकांनी पाहिलाय, फोटो निघालेत.

दुसरं म्हणजे तबाकी. तो कोल्हा मला सबंध मालिकेत सगळ्यात खरा वाटतो. शेरखानाच्या मागे मागे हिंडणारा, त्याचं उष्टं खाणारा आणि त्याच्या नावावर दुसऱ्याला दम देणारा. असा तबाकी प्रत्येक गावात एक तरी असतो. निवडणुकीच्या वर्षी दोन-तीन होतात. पोरांना हे शिकवावं लागलं नाही. आमच्या ओसरीतल्या पोरांनी आठवडाभरात गावातल्या एका माणसाला ते नाव चिकटवून टाकलं, आणि ते त्याला आजही सुटलेलं नाही. गोष्ट चांगली की वाईट, याची याहून मोठी परीक्षा मला माहीत नाही.

तिसरं, शेरखानाचा आवाज. हिंदीत तो नाना पाटेकरांनी दिलाय. त्यांनी वाघाला ओरडायला लावलं नाही, हे त्यातलं मर्म. सावकार दारात येऊन हळू बोलतो तेव्हा जसं पोटात गोळा येतो, तसा तो आवाज आहे. वाघ रानात ओरडतो त्यापेक्षा तो गप्प असतो तेव्हा माणूस जास्त भितो, हे जागलीला गेलेल्या कोणालाही विचारा.

आता खोटं काय ते. मोगलीच्या सोबत किची नावाचं एक लालसर गोंडस पिल्लू असतं. तो लाल पांडा. हा प्राणी हिमालयातला, सिक्कीम-अरुणाचलच्या थंड रानातला. सिवनीच्या उन्हात तो चार दिवस टिकायचा नाही. मोगलीच्या हातातलं ते फेकून परत येणारं हत्यार, बूमरँग, ते ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचं. अरे, गोफण द्यायची होती त्याच्या हातात! आमच्याकडे दहा वर्षांचं पोर गोफणीने धानावरचे पोपट उडवतं. आणि रान तर आमचं नाहीच. साज, मोह, तेंदू, बांबू असलेलं हे रान उन्हाळ्यात उघडं पडतं, पळस पेटतो, मोहाखाली पहाटे फुलांचा सडा पडतो, पानावर पाय पडला की पापडासारखा आवाज होतो. कार्टूनमधलं रान बारा महिने हिरवं गच्च. पण या चुका मी माफ करतो. पोरांना लाल पांडा आवडला, त्यात कोणाचं काय गेलं?

माफ करवत नाही ती चूक निराळी आहे. या जंगलाला शेत लागून नाही.

हे कळायला मूळ पुस्तकाकडे जावं लागतं. मी मराठी अनुवाद वाचला. किपलिंगला गावाबद्दल फार प्रेम होतं असं नाही. त्याचे गावकरी बढाईखोर, भित्रे आणि भुताखेतांवर विश्वास ठेवणारे आहेत. साहेबाची नजर जागोजागी दिसते. पण त्याला एक गोष्ट कळली होती की रान आणि शेत एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. त्याचा शेरखान जन्माचा लंगडा आहे, आणि म्हणूनच तो गुरं मारतो. हे अगदी खरं आहे. ज्याला धावून शिकार धरता येत नाही तो गोठ्याकडे येतो. आणि त्याचा मोगली शेरखानाला मारतो ते म्हशींच्या पायाखाली. लांडग्यांच्या मदतीने म्हशींचा कळप दोन भागात फोडतो, वाघाला नाल्यात कोंडतो आणि दोन्ही बाजूंनी कळप सोडतो. ज्याने म्हशी चारल्या त्याला ही युक्ती पटेल. एकटी म्हैस वाघाला घाबरते; पंधरा म्हशी शिंगं बाहेर करून गोल धरतात तेव्हा वाघ विचार करतो. हे गुराख्याचं ज्ञान आहे, जंगलचं नव्हे. मोगली जिंकला तो गुराखी झाला म्हणून.

पुढे १८९५ च्या दुसऱ्या पुस्तकात एक गोष्ट आहे, ती वाचून मला रात्री झोप आली नाही. मोगलीला जेवू घालणाऱ्या मेसुआला आणि तिच्या नवऱ्याला गाव चेटकीण-चेटक्या ठरवून कोंडतं, जाळायला निघतं. (असल्या पापासाठी महाराष्ट्रात कायदा व्हायला २०१३ साल उजाडलं, हेही लक्षात ठेवा.) मोगली त्यांना सोडवतो आणि मग सूड घेतो. पण तो गावात कोणाला मारत नाही. तो हत्तीला सांगतो, रान आत सोड. हत्ती, हरणं, रानडुकरं, नीलगाई सगळे उभ्या पिकात शिरतात. एका रात्रीत शेत संपतं, नंतर साठवलेलं बी संपतं, गाव उठून जातं, आणि पावसाळा सरेपर्यंत घरांच्या जागी झाडोरा उभा राहतो.

कार्टूनमधली मेसुआ मोगलीच्या वयाची गोड मुलगी आहे. तिथे दोस्ती आहे, गंमत आहे. लहान मुलांना गाव जाळायच्या गोष्टी दाखवू नयेत, हे मलाही मान्य. पण सूड काढला तसं शेतही काढून टाकलं. कसणारा माणूस त्यात ठसठशीत कुठे दिसत नाही. मग पोराच्या मनात काय बसतं? की एका बाजूला जंगल, ते चांगलं. दुसऱ्या बाजूला माणूस, तो बंदूकवाला. मधे जो उभा आहे, ज्याच्या धानाच्या लोंब्या डुक्कर रात्रीतून लोळवून जातं, तो या चित्रात नाहीच.

मी तो मधला माणूस आहे. कार्तिकात धान भरलं की आम्ही जागलीला जातो. मचाणावर बसायचं, डबा वाजवायचा, शेकोटी विझू द्यायची नाही. डुक्कर आलं तर एका रात्रीत चार बांध्यांचं काम संपवतं. मेसुआच्या गावाचं जे झालं, ते आमच्याकडे थोडं थोडं दरवर्षी होतं. फक्त मोगलीने कोणत्या गुन्ह्यासाठी सोडलंय ते आम्हाला कोणी सांगत नाही. आणि हे नुसतं पिकापुरतं नाही. दोन उन्हाळ्यांमागे शेजारच्या गावची एक बाई मोहफुलं वेचायला पहाटे गेली आणि परत आली नाही. वाकून वेचणारं माणूस वाघाला चार पायांचं जनावर दिसतं, असं जुने लोक सांगतात. तिची मुलगी माझ्या नातीच्या वर्गात आहे.

म्हणून शेरखान मेला तेव्हा नातीने मला विचारलं, "आबाजी, वाघ वाईट असते काय?" ओसरीतल्या कोणत्याही पोराने १९९३ साली हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांच्या लेखी शेरखान दुष्ट होता, संपलं. हिच्या वर्गात ती मुलगी बसते, आणि हिच्या शाळेच्या भिंतीवर 'वाघ वाचवा' लिहिलेलंही आहे. मी म्हटलं, "वाघ वाईट नसते बाई. भुकेलं असते. आपणही भुकेलो असतो." ती गप्प राहिली. उत्तर पुरं नव्हतं, पण कार्टूनमध्ये तेवढंही नाही.

मोगलीचं शेवटी काय होतं? पुस्तकात काय आणि कार्टूनमध्ये काय, तो माणसांकडे जातो. पुढचं सांगत नाहीत. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात येणाऱ्या एका गुरुजींनी मला सांगितलं की किपलिंगने मोठ्या मोगलीची एक गोष्ट जंगल बुकच्याही आधी, १८९३ साली छापली होती. त्यांनी ती इंग्रजीतून वाचून मला मराठीत ऐकवली. त्यात मोगली जंगलखात्यात नोकरीला लागतो. पगार, म्हातारपणी पेन्शन. साहेबाला याहून चांगला शेवट सुचला नसावा. लांडग्यांत वाढलेलं पोर आणि शेवटी सरकारी चाकर!

मला विचाराल तर मोगलीला दोन एकर धानाची बांधी द्यायला पाहिजे होती, रानाच्या काठाला. जनावरांची भाषा त्याला येते, माणसांची तो शिकला. डुकराला तो काय सांगेल आणि बायकोला काय सांगेल? ज्या कळपाने वाढवलं तोच कळप पीक खायला आला, तर तो डबा वाजवेल की गप्प बसेल? ही गोष्ट अजून कोणी लिहिलेली नाही. किपलिंगने नाही, जपान्यांनी नाही. ती लिहायला रानाच्या काठावर राहणारं माणूस लागेल.

तोवर हीच मालिका पोरांना दाखवा, खुशाल दाखवा. भालू चांगला आहे, तबाकी ओळखायला शिकवतो आणि नानांचा आवाज विसरू म्हटला तरी विसरत नाही. फक्त आठवड्याला एकच भाग दाखवा. उरलेल्या सहा दिवसांत पोराला धुऱ्यावर नेऊन आणा, रात्री डुकराने लोळवलेलं धान दाखवा, आणि चिखलात उमटलेला पंजाही दाखवा. दोन्ही एकाच बांधीत सापडतात.