कार्तिकातलं सोलापूर आणि एक चादर

सोलापूरला कधी यावं असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: कार्तिकात. वैशाखात येऊन गेलेला पाहुणा ऊन तेवढं लक्षात ठेवतो आणि पुढे वर्षानुवर्षं तेच सांगत राहतो. दिवाळी उलटली, परतीचा पाऊस जमिनीत मुरला, की इथली हवा कोरडी आणि हलकी होते. दुपारचं ऊन लखलखीतच असतं, पण सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने फिरायला गेलं तर पाण्यावरून येणारा वारा कानाला लागतो. भुईकोट किल्ल्याचे बुरूज तिरक्या उन्हात उजळतात. गावाबाहेर रब्बीची ज्वारी गुडघ्याला आलेली असते. तिला आता पाऊस नको, जमिनीतली ओल आणि रात्रीचा गारवा पुरतो. मंगळवेढ्याकडची मालदांडी याच गारव्यावर पोसते आणि पौषात तिचा हुरडा होतो. तिकडे पंढरपुरात कार्तिकीची गर्दी, हिप्परग्याच्या तलावावर पाहुणे पक्षी उतरू लागलेले. घरात पंखा आधी एकवर येतो, मग एका रात्री बंदच होतो. मग कुणीतरी माळ्यावरची ट्रंक खाली घेतं आणि डांबरगोळ्यांच्या वासासकट चादरी बाहेर निघतात.

आशियाच्या उष्ण पट्ट्यात थंडी बहुतेक ठिकाणी अशीच, पाऊल न वाजवता येते. बँकॉकला नोव्हेंबरात पाऊस ओसरतो, ईशान्येकडून कोरडे वारे सुरू होतात, पहाटे पारा विशीच्या आसपास उतरला की तिथली माणसं जाकीट घालून कामाला निघतात. त्यांच्या बाराव्या चांद्रमहिन्याच्या पौर्णिमेला केळीच्या खुंटाच्या चकतीवर पानं दुमडून बसवतात, फुलं आणि मेणबत्ती ठेवतात आणि ते सगळं चाओ फ्राया नदीत सोडून देतात. लॉय क्राथोंग हा तो सण. ती पौर्णिमा बहुतेक वर्षी आपली त्रिपुरी पौर्णिमाच असते. आपल्याकडे त्या रात्री दीपमाळा उजळतात, नदीत द्रोणातले दिवे जातात. ओडिशात कटकला महानदीच्या काठी त्याच दिवशी बालीयात्रा सुरू होते. तिथून गलबतं घेऊन बाली-जावाकडे गेलेल्या व्यापाऱ्यांची ती आठवण. वाऱ्याची दिशा बदलली की गलबतं निघायची, म्हणून तो मुहूर्त. एवढ्या दूरदूरच्या गावांना हवेतला हाच बदल साजरा करावासा वाटला, कारण पावसाचा चिकचिकाट संपून अंगाला पहिल्यांदा बरं वाटतं ते याच दिवसांत.

ही थंडी सोसायची नसते, भोगायची असते. मोजायला गेलं तर पाच-सात अंशांचा फरक, पण अंगाला तो नेमका कळतो. आणि त्या नेमक्या मापाने सोलापूरने एक पांघरूण विणलं. सोलापुरी चादर महाराष्ट्रात इतक्या घरांत आहे की तिच्याकडे कुणी निरखून बघत नाही. कवितेचं रसग्रहण आपण ओळीओळीने करतो. चादरीचं धाग्याधाग्याने का करू नये? निरखून बघण्याइतकं तिच्यात खूप आहे.

आधी तिची जागा ओळखायला हवी. आपल्या मुलखात पांघरायच्या वस्तू पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीचं काम वेगळं. घोंगडी लोकरीची, ती धनगराच्या खांद्यावर पावसासाठीही असते आणि थंडीसाठीही, पण नव्याने अंगाला बोचते. वाकळ घरातल्या जुन्या लुगड्यांची, थरावर थर घालून शिवलेली. उबेला तिची बरोबरी नाही, पण धुवायची म्हटलं की दोघी जणी लागतात. रजई कापसाची, जड, कडाक्याच्या थंडीची. सोलापूरची थंडी यांतल्या एकीच्याही मापाची नाही. इथे हवं होतं ते सुती, जाड पण श्वास घेणारं, दिवसा पलंगावर अंथरता येईल आणि रात्री अंगावर ओढता येईल असं. पहाटे साडेचारला गार वाटतं तेव्हा पुरावं आणि सातला ऊन पडलं की नकोसं न व्हावं. चादर हे सगळं करते. कार्तिकात एक पुरते, पौषात दुसरी वर येते. घरोघरी थंडीचं माप असं चादरींतच मोजतात.

आता ती उलगडू. साधारण 60 बाय 90 इंच. लांबीच्या दोन्ही कडांना काठ, दोन्ही टोकांना आडवे पट्टे आणि त्यांच्यापुढे गाठी मारलेल्या दशा. काठाच्या आत वेलबुट्टी, कोपऱ्यांत कोयऱ्या, आणि मधोमध समोरासमोर दोन मोर. माझ्यासमोर आहे तिचा रंग जांभळा आणि पिवळा. टोकाच्या पट्ट्यात विणणाऱ्याच्या कारखान्याचं नाव देवनागरीत आहे. ते छापलेलं नाही, शिवलेलं नाही. मोराइतकंच तेही विणलेलं आहे. कापडातच सही करण्याची ही रीत मला फार आवडते. चित्रकार जसा कोपऱ्यात नाव घालतो, तितक्याच हक्काने ते नाव तिथे बसलेलं असतं.

मोराच्या मानेवर बोट फिरवून पाहा. मान गोल नाही. ती पायऱ्यापायऱ्यांची आहे. पाच धागे सरळ, मग एक घर बाजूला, पुन्हा पाच धागे सरळ. हाताच्या अंतरावर या पायऱ्याच दिसतात; पलंगापासून चार पावलं मागे सरकलं की मान वळते. चौकटींच्या कागदावर नक्षी काढणाऱ्याने हे आधी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याच्यापुढे वक्ररेषा नाहीच, फक्त भरलेली घरं आणि रिकामी घरं. त्या घरांतून मोराचा डौल काढायचा म्हणजे कुठे एक घर सोडायचं आणि कुठे दोन, याचा हिशेब हाताला असावा लागतो. पिसाऱ्यावरच्या डोळ्यांत हे कसब सर्वांत जास्त दिसतं. जेमतेम नखाएवढ्या जागेत तीन रंगांच्या छटा असल्याचा भास होतो, आणि मोजले तर धाग्यांचे रंग दोनच.

ही घरं मग पुठ्ठ्यांवर भोकं होऊन उतरतात. जकार्ड नावाची ही जुगत ल्योंच्या जोसेफ मारी जाकारने 1804 च्या सुमारास सिद्ध केली. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्यांची माळ फिरते; एका आडव्या धाग्याला एक पुठ्ठा. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, मधून धोटा जातो. असं एकेका धाग्याने चित्र वर चढतं. बऱ्याच चादरींत दोन मोर तंतोतंत समोरासमोर असतात त्यामागेही मागाची गरज आहे: अर्ध्या नक्षीचे दोर दुसऱ्या अर्ध्यात उलट क्रमाने बांधले की एका मोराच्या कष्टात दोन मोर येतात. काटकसरीतून आलेली ही जोडी पाहणाऱ्याला मात्र संवादासारखी भासते. दोन पक्षी, मध्ये एक फुलदाणी किंवा झाड, आणि दोघांनाही एकमेकांशी काही बोलायचं आहे.

या चादरीचं खरं काव्य मात्र उलट बाजूला आहे. पालथी करा. भरतकाम उलटलं की गाठी आणि लोंबते दोरे दिसतात, छापील कापड उलटलं की फिकट डाग. सोलापुरी चादर उलटली की तोच मोर तितक्याच स्वच्छ रेषांनी समोर येतो, रंग तेवढे बदललेले. इकडे पिवळ्यावर जांभळा, तिकडे जांभळ्यावर पिवळा. जकार्ड सांगेल तिथे एक रंग वर येतो आणि दुसरा खाली जातो. खाली गेलेला हरवत नाही, पलीकडून दिसतो. पांघरणाला हे किती शोभून दिसतं! अंथरलेल्या चादरीला जगाला दाखवायची एक बाजू असू शकते, पण पांघरलेल्या चादरीची दुसरी बाजू झोपणाऱ्याच्या वाट्याला येते. विणकराने झोपलेल्या माणसालाही तेवढीच देखणी बाजू दिली आहे. जिथे बघायला कुणी नसतं तिथेही हात आखडता घेतलेला नाही, हे मला या कलेतलं सर्वांत मोठं मन वाटतं.

हे हात कुणाचे, ते सोलापूरच्या पूर्व भागात गेल्याशिवाय कळत नाही. भवानी पेठ, साखर पेठ, अशोक चौक, पुढे अक्कलकोट रस्त्याची एमआयडीसी. गल्लीत शिरलं की मागांची खटखट आधी कानावर येते, माग नंतर दिसतात. तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्या इथे येत राहिलेला पद्मशाली समाज हा या धंद्याचा कणा. मार्कंडेय ऋषी त्यांचं दैवत. त्याच वंशातल्या भावना ऋषींनी कमळाच्या तंतूंचं वस्त्र देवांसाठी विणलं, अशी कथा ते सांगतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारात कन्नड आणि दखनी उर्दू, आणि एकाच वाक्यात तिन्ही-चारी आल्या तरी कुणाला अडत नाही. 1877 मध्ये इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, तिला पुढे सगळं गाव जुनी गिरणी म्हणू लागलं. मग नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तरी विणकाम थांबलं नाही, कारण ते घरांत आणि शेडांत यंत्रमागांवर शिल्लक होतं. पुरुष मागावर, बायका कांड्या भरायला. कितीतरी घरांत बायका विड्या वळून संसाराची दुसरी बाजू सांभाळत आल्या. माग चालवणाऱ्याची नजर एकाच वेळी चारीकडे असते. धागा तुटला की खटखटीतला फरक त्याला आधी ऐकू येतो.

रंगांबद्दल एक सांगायला हवं. बाहेरची माणसं या चादरींना भडक म्हणतात. मला ते पटत नाही. उन्हाळ्यात इथला मुलूख काळ्या भेगाळ जमिनीचा, बाभळीचा, धुळीचा. घरंही बरीचशी चुन्याची, सिमेंटची. तिथे राणी, शेंदरी, मोरपंखी, बाटली-हिरवा हे रंग खोलीत आले तर खोली उघडते. शिवाय हे रंग नवेपणी जितके ठसठशीत असतात तितके कायम राहत नाहीत. पहिल्या दोन धुण्यांत गडद रंग थोडा सुटतो, म्हणून चादर वेगळी भिजवतात. खळीचा ताठपणा जातो. चार-पाच हिवाळे गेले की सूत मोकळं होतं, पोत मऊ पडतो, जांभळ्यातला तिखटपणा ओसरतो. चादर उत्तम अवस्थेला येते ती तेव्हा. पुढे ती विरते, वाकळेच्या पोटात थर होऊन जाते, मग ज्वारीच्या राशीवर, शेवटी पोतेऱ्यात. इतकी वर्षं आणि इतक्या परींनी एका घराच्या उपयोगी पडणारं कापड मला दुसरं माहीत नाही.

सगळ्याच चादरी अशा आहेत असं म्हणणं खरं होणार नाही. सोलापुरी चादरीला आणि सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी दुसरीकडे विणलेल्या पातळ चादरींवरही सोलापूरचं नाव घालून त्या विकल्या जातात. पॉलिस्टरची लोकरीसारखी ब्लँकेटं स्वस्त आहेत, मऊ आहेत, आणि नव्या घरांत तीच जास्त दिसतात. पुष्कळ मागांनी चादर सोडून टॉवेल धरला, कारण परदेशी मागणी टॉवेलला आहे. नक्षीतही एक मोह शिरला आहे: छायाचित्रासारखं चित्र जकार्डवर उतरवायचा. असल्या चादरीवरचा वाघ किंवा ताजमहाल जवळून धूसर आणि लांबून मळका दिसतो, कारण चौकटीच्या घराला छायाचित्राची सावली झेपत नाही. जुना मोर आपल्या पायऱ्या लपवत नाही, म्हणून तो टिकला. नवं काही करायचंच असेल तर त्या घरांच्या मर्यादेतूनच करावं, असं मला मनापासून वाटतं. तेवढी प्रतिभा या पेठांत आजही आहे.

कार्तिकात सोलापूरला आलात तर शेंगाचटणी आणि कडक भाकरी लोक सांगतीलच. चादरीसाठी मात्र सकाळचा वेळ ठेवा, दिव्याखाली रंग कळत नाहीत. दुकानदाराला घडी पूर्ण उलगडायला सांगा. सोलापूरचा दुकानदार त्याला कंटाळत नाही. हातात तोलून पाहा, उजेडाकडे धरून वीण किती घट्ट आहे ते बघा, दशांच्या गाठी ओढून पाहा, टोकाच्या पट्ट्यातलं नाव वाचा. मग पालथी करून मोराचा डोळा शोधा. तो पलीकडेही तितकाच स्पष्ट असेल तर ती घ्या, आणि शक्य असेल तर दोन घ्या; पौषात दुसरी लागतेच.