जायचे कुठे, हे ठरवते कोण?

दिवाळीची सुटी जवळ आली की आमच्या शिक्षकखोलीत एक वाद हमखास रंगतो. एलटीसीचा चार वर्षांचा ब्लॉक संपत आलेला असतो. त्यात 'भारतात कुठेही' जाण्याची मुभा एकदाच, आणि ती कुठे खर्चावी हे काही ठरत नाही. "सिमला-मनाली झाले, आता राजस्थान करू," असे कोणीतरी म्हणतो आणि बहुमत त्याच्या बाजूने होते. हे 'करू' मला नेहमी खटकते. भाजी करतात, पोळ्या करतात. राजस्थान कसे करतात?

पण तक्रार सहकाऱ्यांविषयी नाही, मराठी प्रवासवर्णनाविषयी आहे. मी मराठीचा एम. ए., सायलीत राहणारा, एका हायस्कूलचा मुख्याध्यापक. आमच्या शाळेच्या वाचनालयात प्रवासवर्णनांचे एक कपाट आहे. सहलीचे ठिकाण सुचावे म्हणून मी ते दरवर्षी उघडतो आणि दरवर्षी लंडन, पॅरिस, टोकियो हाती घेऊन परततो. पु. ल. देशपांड्यांचे 'अपूर्वाई' १९६० साली आले, 'पूर्वरंग' १९६३ साली. मीना प्रभूंनी पुढे वाचकाला तुर्कस्तान, मेक्सिको, चीनपर्यंत नेले. ही पुस्तके मी आवडीने वाचली आहेत. पुलंचा विनोद परक्या मुलखात बावरलेल्या मध्यमवर्गीय माणसाचा होता आणि तो माणूस खरा होता. त्यांच्यामागून आलेल्यांनी माणूस सोडला आणि साचा उचलला: व्हिसाची धावपळ, विमानातले जेवण, बॅगेतले लोणचे. या साच्यात जैसलमेर बसत नाही, कारण तिथे जायला व्हिसा लागत नाही.

जैसलमेरला मी सहकुटुंब गेलो तो टूरच्या बसने. रावळ जैसलने ११५६ साली वसवलेला, पिवळ्या वालुकाश्माचा हा किल्ला आजही नांदता आहे. आत घरे आहेत, चुली पेटतात. आमच्या वाट्याला त्यातले दोन तास आले. मात्र त्या दोन तासांत एक गोष्ट ध्यानात आली. किल्ल्यात बंगाली कुटुंबे ठायी ठायी भेटत होती आणि त्यांची मुले वाटाड्याला 'मुकुलचे घर' कुठे म्हणून विचारत होती. सत्यजित राय यांनी १९७१ साली 'सोनार केल्ला' ही किशोरांसाठी रहस्यकथा लिहिली आणि १९७४ साली तिच्यावर चित्रपट केला. गेल्या जन्मीचा सोन्याचा किल्ला आठवणाऱ्या मुकुलच्या शोधात तीन पिढ्या जैसलमेरला येत आहेत. कोलकात्यापासून वाळवंटापर्यंतची वाट एका पुस्तकाने पाडली. आमची वाट टूरवाल्याच्या रंगीत पत्रकाने पाडली होती. माझ्या मुलीने तेव्हा विचारले, "बाबा, आपलं इथं कोण राहत होतं?" मी पटव्यांच्या हवेलीकडे बोट दाखवून वेळ मारून नेली.

मराठीत हे कधी नव्हतेच असे नाही. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली घराबाहेर पडले ते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. वाटेत बंड उसळले, झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला, आणि हौसेचा प्रवास ज्याला म्हणतात त्यातला एकही दिवस त्यांच्या नशिबी आला नाही. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापलेल्या 'माझा प्रवास'ची सर पुढच्या किती पुस्तकांना आली? गो. नी. दांडेकर नर्मदेकाठी चालले आणि 'कुणा एकाची भ्रमणगाथा' लिहिली. या दोघांनाही जाण्याचे कारण होते. ठिकाण मागाहून आले.

आता आम्हा दुभाषी मुलखातल्या लोकांना बोचणारी गोष्ट सांगतो. काका कालेलकर साताऱ्याला १८८५ साली जन्मले. १९१२ साली ते हिमालयात गेले, पायी हिंडले. त्यावरचे पुस्तक मात्र त्यांनी गुजरातीत लिहिले: 'हिमालयनो प्रवास'. गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणत. त्या वाटेवर त्यांच्यासोबत स्वामी आनंद होते, ते मूळचे गुजराती. हेच स्वामी आनंद उत्तरायुष्यात आपल्याकडे डहाणूजवळच्या कोसबाडला येऊन राहिले आणि हिमालयातल्या कौसानीशीही त्यांचा ऋणानुबंध होता. आमच्या शाळेतले गुजरातीचे शिक्षक कालेलकरांविषयी घरच्या माणसासारखे बोलतात आणि मी मराठीचा एम. ए. त्यांच्याकडून ते पुस्तक मागून आणतो! सीमेवर राहण्याचा हा फायदा म्हणायचा की शरमेची बाब, ते ज्याने त्याने ठरवावे. मला पुस्तक मिळाले, एवढे खरे.

उपमांचेही असेच. जव्हार 'ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर' होते. २०१४ साली जिल्हा पालघर झाला तरी महाबळेश्वर सुटले नाही. चिखलदरा 'विदर्भाचे नंदनवन'. आमच्या दुधनीला दादरा-नगर हवेलीचे काश्मीर म्हणतात. तिथे मधुबन धरणाच्या पाण्यात शिकारे फिरतात, शनिवार-रविवारी सुरतेच्या आणि मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. (गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा सगळेच काही निसर्गासाठी येत नाहीत.) एखाद्या गावाला दुसऱ्या गावाचे नाव दिले की पाहणाऱ्याला ते गाव पाहावेच लागत नाही. टीकाकाराला हा भाषेचा आळस वाटतो. तो त्याहून वाईट आहे, हे मला एका विद्यार्थ्याने शिकवले.

काही वर्षांपूर्वी आम्ही नववीची सहल लांब थंड हवेच्या ठिकाणी काढली. ठिकाण मीच ठरवले होते. वर्गणी परवडली नाही म्हणून खानवेलकडची बरीच वारली आणि कोकणा मुले मागे राहिली. परत आल्यावर 'माझा अविस्मरणीय प्रवास' हा निबंध सगळ्यांना घातला. न गेलेल्यांना काय लिहायचे, याचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. एका मुलाने दुधनीच्या होडीतल्या प्रवासावर लिहिले. होडी मधोमध आली की त्याचा आजा पाण्याकडे हात करून सांगतो: इथे आपला आंबा होता, इथे विहीर, इथे गावदेव. पर्यटक फोटो काढत असतात तेव्हा आजा मोठ्याने बोलत नाही. होडीवाला ओळखीचा आहे, तो तेवढा वेळ वल्हे थांबवतो. त्या मुलाचे आजोळ, त्याचे मुकुलचे घर, त्या 'काश्मीर'च्या तळाशी होते.

माझ्या कपाटात जे पुस्तक नाही त्याचे एक पान त्या वहीत होते. निबंध दीड पानांचा होता. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ, 'प्रस्तावना' आणि 'समारोप' दोन्ही नव्हते. मी त्याला दहापैकी चार गुण दिले होते.