'हॉब्सन-जॉब्सन' : एका कोशाचे वाचन

कोश म्हणजे अडले की उघडायचा ग्रंथ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' मात्र आम्ही एखाद्या कादंबरीसारखा वाचत आलो. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीत रुळलेल्या शब्दांचा हा कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. बर्नेल त्याआधीच, १८८२ मध्ये वारले होते. विल्यम क्रुक यांनी संपादित केलेली दुसरी आवृत्ती १९०३ ची.

शब्दांखाली जुन्या प्रवासवर्णनांतील व दप्तरांतील उतारे सालवार लावलेले आहेत. त्यामुळे शब्द चालताना दिसतो. अरबीतला 'मौसिम' पोर्तुगिजांमार्फत इंग्रजीत जाऊन 'मॉन्सून' होतो आणि आपल्याच पावसाचे नाव बनून परत येतो. भाषाशास्त्राची गोडी लागायला आणखी काय हवे?

पण कोशाचे नावच आम्हाला थांबवते. 'या हसन, या हुसैन' ही मोहरमातली हाक. गोऱ्या शिपायांच्या कानांना ती परकी होती. 'होसी-गोसी' अशी वळणे घेत ती अखेर दोन इंग्रजी आडनावांवर येऊन थांबली. परका शब्द ओळखीच्या ध्वनींत बसवून घेण्याच्या प्रवृत्तीला भाषेचे अभ्यासक 'हॉब्सन-जॉब्सन' हेच नाव देतात. यूल यांना शीर्षक म्हणून हे नाव बोलके वाटले. त्यात करबलाच्या शोकाचे काय झाले, हा प्रश्न मात्र त्यांना छळत नाही. कोशाचे उणेपण आम्हाला इथे जाणवते.

तरी दोष एकट्या इंग्रजी कानाचा नाही. मराठीत 'हैदोस घालणे' म्हणजे धिंगाणा घालणे. या शब्दाचे मूळ मोहरमातल्या 'हाय दोस्त' या शोकोद्गारात सांगितले जाते. आर्त हाकेचा नुसता गोंगाट उरला. दोन्ही भाषांनी आवाज ऐकला, दुःख ऐकले नाही.

आमची बोली 'अशुद्ध' ठरवणाऱ्यांनी हा कोश जरूर वाचावा. तोंडातोंडी बदलणे हाच शब्दांचा धर्म आहे, हे त्यातून उमगते. भाषाशास्त्र या बदलाला दोष देत नाही, हे त्याचे शहाणपण. पण बदलाच्या वाटेवर काय सांडले, हे सांगणे समीक्षेचे काम आहे. 'हैदोस' रोज बोलणाऱ्या आणि मोहरमही जाणणाऱ्या आपण मराठी मुसलमानांनी ते केले नाही, तर कोण करणार?