व्यावसायिक मराठी रंगभूमीवरील पात्रनिवड : शहापूर-मुरबाड परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी नाट्यसमीक्षेने नाटककाराचा, संहितेचा आणि दिग्दर्शकाचा पुष्कळ विचार केला आहे. नटाच्या अभिनयाविषयीही, आठवणींच्या स्वरूपात का होईना, विपुल लेखन उपलब्ध आहे. परंतु नट रंगमंचावर येण्यापूर्वी त्याची निवड कोण करते, कशी करते आणि त्या निवडीत नेमके काय पारखले जाते, हा प्रश्न बहुतांशी समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिला. पात्रनिवड ही निर्मात्याच्या कार्यालयातील व्यवहाराची बाब मानली गेली. वस्तुतः एखादी रंगभूमी कोणती भाषा बोलते आणि कोणाचे जगणे दाखवते, हे पडदा उघडण्याच्या कितीतरी आधी, या निवडीच्या वेळीच ठरून गेलेले असते.

प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या बाजूने या प्रक्रियेकडे पाहिले आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार, मोखाडा, वाडा हे तालुके तिकडे गेले. उरलेल्या ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण व आदिवासी भाग मुख्यतः या दोन तालुक्यांत आहे. ही जागा मुंबईपासून फार दूर असती तर प्रश्न सोपा झाला असता. दूरच्या नटाला संधी नाही, एवढे म्हणून थांबता आले असते. शहापूर मात्र मुंबईच्या लोकलच्या टप्प्यात आहे. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्थानके उपनगरी गाडीच्या नकाशावर आहेत. तानसा आणि भातसा या शहापूर तालुक्यातील जलाशयांचे पाणी मुंबई पिते. दादर-परळच्या नाट्यगृहांतील नटही तेच पितात. पाणी रोज जाते, नट मात्र क्वचित जातो. असे का, हा या लेखाचा विषय आहे.

मंडळी आणि नट

१८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. पुढे १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटक मंडळ्यांचे युग सुरू झाले. या युगात नटाची परीक्षा होत नव्हती असे नाही. परंतु तिचे स्वरूप वेगळे होते. मंडळी नटाच्या शोधात असे. १८८२ च्या सुमारास भाऊराव कोल्हटकरांना त्यांच्या गळ्यासाठी बडोद्याहून किर्लोस्कर मंडळीत आणले गेले. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच पुढे बालगंधर्व म्हणून महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेला नट, याच मंडळीत दाखल झाला. त्याच्या कानाला दोष होता. राजर्षी शाहू महाराजांच्या साहाय्याने मिरजेच्या रुग्णालयात त्यावर उपचार झाले. आजच्या एखाद्या निवडीच्या खोलीत कानाने अधू असलेला, अननुभवी मुलगा उभा राहिला तर त्याला किती मिनिटे मिळतील, याचा अंदाज करणे कठीण नाही. त्या वेळी मात्र दोष दूर करण्याचा खर्च आश्रयदात्याने उचलला आणि घडविण्याचा भार मंडळीने घेतला. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाची तालीम नटांना मिळावी अशी तेथे व्यवस्था होती. याच किर्लोस्कर मंडळीत दीनानाथ मंगेशकर लहान वयात आले आणि तेथूनच उभे राहिले.

म्हणजे मंडळीच्या काळातील निवड ही शिक्षणाची सुरुवात होती. मुलगा निवडला की त्याचे जेवण, बिऱ्हाड, प्रवास आणि तालीम ही मंडळीची जबाबदारी असे. चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ किंवा गणपतराव बोडसांचे ‘माझी भूमिका’ ही आत्मचरित्रे केवळ नाट्येतिहासाची साधने म्हणून वाचली जातात. ती नटाच्या घडणीची साधने म्हणूनही वाचली पाहिजेत.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. तिचे दार सर्वांना उघडे नव्हते. केशवराव भोसले यांच्यासारखा मराठा समाजातील मुलगा नट झाला आणि १९०८ मध्ये ‘ललितकलादर्श’ स्थापन करता झाला, हे खरे. तरी प्रमुख संगीत मंडळ्यांवर पांढरपेशा उच्चवर्णीयांचा पगडा होता. स्त्रियांना तर तेथे स्थानच नव्हते. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’पर्यंत आणि त्यातील ज्योत्स्ना भोळे यांच्या प्रवेशापर्यंत प्रतिष्ठित रंगभूमीला त्यासाठी थांबावे लागले. शहापूरचा ठाकर किंवा मुरबाडचा कातकरी या मंडळ्यांच्या दृष्टिपथातही नव्हता.

बोलपट आले, मंडळ्या मोडल्या. पुढे व्यावसायिक नाटक पुन्हा उभे राहिले ते नव्या पायावर. नट आता मंडळीचा राहिला नाही. तो प्रयोगागणिक ‘नाईट’ घेणारा व्यावसायिक झाला. यात नटाला स्वातंत्र्य मिळाले, हा लाभ मोठा आहे. परंतु त्याबरोबर घडविण्याची जबाबदारी निर्मात्याच्या खांद्यावरून उतरली आणि ती कोणाच्याच खांद्यावर चढली नाही. महिनाभराच्या तालमीत उभे राहणारे नाटक तयार नट मागते. तयार होण्याचा खर्च उमेदवाराने आधीच केलेला असावा, हे गृहीत असते. आजच्या निवडचाचणीचा खरा अर्थ येथे आहे.

ऐकण्याची परीक्षा

‘ऑडिशन’ हा शब्द ऐकणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. मराठीत तो आता इतका रुळला आहे की ‘निवडचाचणी’ हा पर्याय सरकारी वाटतो. मूळ अर्थ ध्यानात घेतला तर एक गोष्ट स्पष्ट होते: परीक्षक उमेदवाराला पाहतो तितकाच ऐकतो, आणि पहिल्या वाक्यात त्याला जे ऐकू येते ते अभिनय नसून उच्चार असतो. शहापूर-मुरबाडच्या कुणबी-आगरी बोलीत ‘डोळा’चा ‘डोला’ होतो, ‘पाणी’चे ‘पानी’ होते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही नियमित ध्वनिव्यवस्था आहे. निवडीच्या खोलीत मात्र ती ‘अशुद्ध’ ठरते. नटाचा ‘ळ’ आणि ‘ण’ तपासला जातो. त्याचा श्वास, लय, समोरच्याचे वाक्य ऐकण्याची क्षमता यांच्याकडे लक्ष जाण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो.

येथे एक आक्षेप संभवतो. शुद्ध उच्चार हे नटाचे हत्यार आहे. ते त्याने कमवावे, अशी अपेक्षा करण्यात गैर काय? अपेक्षा रास्तच आहे. कोणत्याही नटाला एकाहून अधिक उच्चारपद्धती यायला हव्यात. पण ही अपेक्षा एकाच दिशेने केली जाते. मध्यमवर्गीय विनोदी नाटकातील रामा गडी दीर्घकाळ शहरी नटांनी रंगविला. त्याची बोली कोणत्या गावची, कोणत्या जातीची हे कोणी विचारले नाही. ओढूनताणून केलेल्या त्या सरमिसळ ग्रामीण बोलीवर हशा मिळाला की काम झाले. प्रमाणभाषेतली चूक उमेदवाराला बाद करते, बोलीतली चूक टाळ्या मिळवते. हा न्याय कलेचा नव्हे.

दुसरी अडचण वाचनाची आहे. चाचणीत बहुधा हातात एक उतारा ठेवला जातो आणि तो थोड्या वेळात वाचून सादर करण्यास सांगितले जाते. ही पद्धत संहितेबरोबर वाढलेल्या नटाला मानवते. शहापूर-मुरबाडमधील सादरीकरणाची परंपरा कानावर पोसलेली आहे. भजनी मंडळ, भारूड, गौरीचा नाच यांत मुलगा वर्षानुवर्षे ऐकून, बघून, मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत सरकत शिकतो. शहापूरला लागून असलेल्या मोखाडा-जव्हार भागातील बोहाड्यात तर मुखवटा धारण करणारा शब्दांवाचून, संबळाच्या ठेक्यावर सोंग उभे करतो. तेथेही पात्रनिवड आहेच. काही ठिकाणी सोंग घराण्यात चालत येते, काही ठिकाणी त्याचा मान बोली लावून घेतला जातो. या पद्धतीत गुणवत्तेला वाव कमी आणि वंश वा पैसा यांना अधिक, हे मान्य केले पाहिजे. पण सोंग कोणाचे हे एकदा ठरले की तो माणूस ते वर्षानुवर्षे जगतो. गाव त्याला सुधारत राहते. अशा परंपरेतून आलेल्या तरुणाची पारख चार ओळींच्या वाचनावरून करणे म्हणजे पोहणाऱ्याची परीक्षा कागदावर घेण्यासारखे आहे.

अंतराचा प्रश्न

व्यावसायिक नाटकाचे नियमित प्रयोग होणारे या भागाला सर्वांत जवळचे नाट्यगृह म्हणजे कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर. त्यापुढे डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले नाट्यगृह आणि ठाण्याचे गडकरी रंगायतन. तालमी मात्र प्रायः मुंबईत, आणि त्या संध्याकाळनंतर, कारण अनेक नट दिवसा नोकरी किंवा चित्रीकरण करतात. मुरबाडला अद्याप रेल्वे नाही; कल्याणपर्यंत एसटीने यायचे आणि पुढे लोकल धरायची. रात्रीचा प्रयोग संपवून कसाऱ्याची गाडी मिळाली तरी आसनगावहून किंवा खर्डीहून आतल्या पाड्यावर जाण्यास वाहन नसते. मुलींच्या बाबतीत तर येथेच विषय संपतो. घरचे नाही म्हणतात, त्यामागे नाटकाबद्दलचा जुना संशय असेलही. पण मध्यरात्री कल्याणच्या स्थानकावर मुलीने पहाटेपर्यंत थांबावे कोठे, या प्रश्नाचे उत्तर नाट्यप्रेमी माणसाकडेही नाही. त्यामुळे ‘तालमीला वेळेवर पोहोचू शकाल ना?’ हा निवडीतील साधा वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात सर्वांत कठोर चाळणी ठरतो.

एकांकिका स्पर्धा ही या चाळणीला पर्यायी वाट आहे, असे सांगितले जाते. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून सुरू आहे. मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवात ग्रामीण महाविद्यालयेही उतरतात. २०१४ पासून ‘लोकसत्ता लोकांकिका’ची भर पडली. निर्माते व दिग्दर्शक या स्पर्धांतून नट हेरतात, हे खरे आहे. स्पर्धेत नटाला चार ओळींऐवजी अर्धा-पाऊण तास मिळतो, हा तिचा मोठा गुण. तथापि स्पर्धेतही दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना विकत घेऊ शकणारी महाविद्यालये पुढे जातात. २०२० च्या टाळेबंदीनंतर भ्रमणध्वनीवर चित्रफीत मागविण्याची रीत वाढली. तिने प्रवासाचा खर्च वाचला. परंतु रंगमंचावरील नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो की नाही, हे चित्रफितीवरून कळत नाही. अशा चाचणीत चेहरा जिंकतो.

चाचणी बदलणारे प्रयोग

निवडीचा निकष बदलला की नट सापडतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण मराठीबाहेरचे आहे. हबीब तन्वीर यांनी १९५९ मध्ये ‘नया थिएटर’ स्थापन केले आणि छत्तीसगढच्या नाचा परंपरेतील कलावंत सोबत घेतले. आरंभी त्यांच्याकडून ते हिंदी बोलवून घेत आणि त्यांच्या हालचाली आखून देत. कलावंत आखडून जात. दोष नटात नसून आपल्या अपेक्षेत आहे, हे तन्वीरांच्या ध्यानात आले. १९७० नंतरच्या वर्षांत त्यांनी या नटांना छत्तीसगढीत मोकळे सोडले आणि १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ उभे राहिले. नट तेच होते, ऐकणारा बदलला.

मराठीतही असे घडले आहे. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मधील माणसांचा पडदा गाणारी-नाचणारी शरीरे मागत होता, केवळ संवादफेक येणाऱ्या नटाचे तेथे भागण्यासारखे नव्हते. २०१२ मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आले. राजकुमार तांगडे यांची संहिता, संभाजी भगत यांची संकल्पना व संगीत, नंदू माधव यांचे दिग्दर्शन. त्यातील अनेक नट जालना जिल्ह्यातील ग्रामीण तरुण होते. मुंबईच्या नाट्यगृहांनी त्यांना स्वीकारले ते त्यांच्या बोलीसह. हे तरुण एकेकटे चाचणीला आले असते तर काय झाले असते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. ते एकत्र, आपले नाटक घेऊन आले. म्हणून त्यांच्या उच्चाराची वेगळी परीक्षा घेण्याचा प्रसंग आला नाही.

याहून जुने आणि लोकप्रिय उदाहरण गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’चे. १९८० मध्ये मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी बोली व्यावसायिक रंगमंचावर प्रतिष्ठित केली. या नाटकाचा विषयच गावातील हौशी मंडळींनी पौराणिक नाटक बसविण्याचा, म्हणजे कोणी कोणती भूमिका करायची यावरून होणाऱ्या गोंधळाचा आहे. पात्रनिवडीवरचे ते मराठीतील सर्वांत खुसखुशीत भाष्य मानण्यास हरकत नाही. मात्र आरंभी त्याला म्हणावा तसा प्रतिसाद नव्हता, पु. ल. देशपांडे यांनी वाखाणल्यावर प्रेक्षकांची रीघ लागली. बोलीला नाट्यगृहात शिरण्यासाठी शहरातील मान्यवराचे शिफारसपत्र लागले, हे विसरता येत नाही.

मालवणीला जे स्थान मिळाले ते उत्तर कोकणातील आगरी-कुणबी बोलींना व्यावसायिक नाटकात अद्याप मिळालेले नाही. यामागे मुंबईतील मालवणी प्रेक्षकांची मोठी संख्या हे एक कारण आहे; गिरणगावात गावची माणसे तिकीट काढायला होती. शहापूर-मुरबाडचा माणूस मुंबईत राहायला गेला नाही, तो रोज गाडीने जातो आणि रात्री परततो. त्याच्याकडे नाटकासाठी संध्याकाळ उरत नाही. त्यामुळे त्याच्या बोलीचा प्रेक्षक नाट्यगृहात नाही, म्हणून त्या बोलीचे नाटक नाही, म्हणून त्या बोलीच्या नटाला भूमिका नाही. ही साखळी एकट्या पात्रनिवडीने तुटणार नाही. तरीही कल्याणला प्रयोग असेल त्या दिवशी दुपारी, मोकळ्या रंगमंचावर, उमेदवाराने स्वतः आणलेले काहीही, भारूड असो वा स्वगत, पंधरा मिनिटे ऐकून घेणे निर्मात्याला अवघड नाही. नेपथ्य लागेपर्यंत रंगमंच तसाही रिकामाच असतो, आणि मुरबाडची एसटी संध्याकाळी कल्याणहून सुटते.