निवेदन कोणाच्या भाषेत?

ग्लासगोच्या कामगारवर्गातून आलेल्या जेम्स केलमनच्या ‘हाउ लेट इट वॉज, हाउ लेट’ या कादंबरीला १९९४ साली बुकर पारितोषिक मिळाले आणि लंडनच्या साहित्यव्यवहारात एकच गदारोळ उडाला. परीक्षकांपैकीच ज्युलिया न्यूबर्गर यांनी निवडीचा जाहीर निषेध केला. सायमन जेन्किन्स यांना हे लेखन म्हणजे वाङ्मयाची नासधूस वाटली. वर्तमानपत्रांनी शिव्या मोजल्या. कादंबरीचा नायक सॅमी पोलिसांच्या मारानंतर आंधळा होतो, फरशी पुसायच्या दांड्याची काठी करून रस्त्यांतून, कचेऱ्यांतून ठेचकाळत हिंडतो. डॉक्टर त्याला आंधळा म्हणायलाही तयार होत नाही. या ठेचा मात्र कोणी मोजल्या नाहीत.

खरे तर अभिजनांना शिवी नवी नव्हती. दारुडा, चोर, बेकार माणूस इंग्रजी कादंबरीत पूर्वीपासून आहे. त्याची बोलीही आहे. पण ती अवतरणचिन्हांच्या कुंपणात! त्याचे बोलून झाले की निवेदक प्रमाण इंग्रजीत त्याच्याविषयी वाचकाशी बोलू लागतो. म्हणजे वेदना कामगाराची आणि तिचा अर्थ लावण्याचा अधिकार पांढरपेशाचा. आपल्या ग्रामीण कथेत पात्रांच्या तोंडी बोली आणि निवेदन मात्र पुणेरी, ही वाटणी ज्यांनी वाचली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. केलमनने हे कुंपणच उखडले. सॅमी ज्या भाषेत बोलतो, विचार करतो, कण्हतो, त्याच भाषेत निवेदन चालते. वाचकाला वरून पाहायला जागाच उरत नाही. टॉम लेनर्डने १९६९ च्या सुमारास ग्लासगोचा उच्चार जसाच्या तसा कवितेत उतरवून ही वाट पाडली होती. पारितोषिक स्वीकारताना केलमनने बजावले की, आपल्या संस्कृतीला आणि भाषेला अस्तित्वाचा हक्क आहे.

पुढे २०२० साली डग्लस स्टुअर्टच्या ‘शगी बेन’ला तेच पारितोषिक मिळाले. १९८० च्या दशकातले ग्लासगो, बंद पडलेली खाण, दारूत बुडत जाणारी आई ॲग्नेस. या वेळी गदारोळ झाला नाही, कौतुकच झाले. स्टुअर्ट केलमनचे ऋण मोकळेपणाने मानतो. एका बाबतीत तो केलमनच्या पुढेही आहे. सॅमीची हेलन निघून गेलेली, जवळजवळ अदृश्य. ॲग्नेस मात्र कादंबरीच्या केंद्रस्थानी उभी आहे. पण निवेदन पुन्हा प्रमाण इंग्रजीत, बोली संवादापुरती. कुंपण परत आले. प्रस्थापितांना कामगाराचे दुःख चालते. त्याने आपल्या भाषेत जगाचा अर्थ लावलेला चालत नाही, असाच निष्कर्ष या दोन स्वागतांवरून निघतो.

आपल्याशी तुलना फार ताणू नये. सॅमीच्या वाट्याला वर्ग आहे, अस्पृश्यता नाही. आणि ग्लासगोची श्रीमंती गुलामांच्या श्रमावर पिकलेल्या साखर-तंबाखूच्या व्यापारातूनही आलेली आहे.

२०२५ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये गेलिकबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा मिळाला. हे चांगलेच झाले. परंतु केलमनची भाषा ही कोशातली, बर्न्सच्या उत्सवात मिरवणारी स्कॉट्स नव्हे. कारखाने, तुरुंग, बेकारीची कचेरी यांच्याशी हुज्जत घालत घडलेली ती शहरी बोली आहे, आणि तिला ‘बिघडलेले इंग्रजी’ म्हणण्याची सवय जुनी आहे. सॅमी उद्या पुन्हा त्या कचेरीत गेला, तर त्याचा जबाब कोणत्या भाषेत लिहून घेतला जाईल?