कणेरी येथील मूर्तिमय गांव : एक परीक्षण

कोल्हापुराजवळ कणेरीच्या सिद्धगिरि मठाच्या परिसरांत जुन्या ग्रामजीवनाचें जें मूर्तिरूप संग्रहालय उभें आहे, तें पाहण्याचा योग आम्हांस नुकताच आला. उघड्या आभाळाखालीं, झाडांच्या सावलींत, सिमेंटच्या मनुष्याकृति पुतळ्यांचें एक संबंध गांव तेथें वसविलें आहे. सुतार, लोहार, कुंभार आपापल्या कामांत गुंतले आहेत. शेतकरी औत हांकीत आहे. गुरेंढोरें उभीं आहेत. जुनें खेडें कसें होतें याची कल्पना शाळेंतील कित्येक मुलें येथूनच घेऊन जातात. म्हणून या स्थळाकडे संशोधकानें केवळ यात्रिकाच्या दृष्टीनें पाहून चालणार नाहीं.

प्रथम गुणांविषयीं. मोडी कागदांत अवजाराचें नांव आलें, कोशांत त्याचा अर्थहि सांपडला, तरी वस्तु डोळ्यांपुढें उभी राहत नाहीं, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. येथें ती उभी राहते. पाहणारा तिच्याभोंवतीं फिरूं शकतो. कारागिराची बैठक, हाताची ठेवण व अवजाराची धरणी तिन्ही बाजूंनीं न्याहाळूं शकतो. चित्रास किंवा ग्रंथास हें साधणें कठीण.

परंतु पुतळ्यांत हत्यार दिसतें, हक्क दिसत नाहीं. बलुतें म्हणजे केवळ धंदा नव्हे. तें वतन होतें. खळ्यावर कोणास किती पेंढ्या, कोणाचा मान आधीं, याविषयीं पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. गोत बसे, महजर होत, प्रसंगीं दिव्यहि करावें लागे. बारा बलुत्यांची यादीसुद्धां सर्वत्र एक नाहीं. कोठें मुलाणा बारांत येतो, कोठें येत नाहीं. शिवेच्या वादांत महाराच्या साक्षीस मोठें वजन असे, आणि घर मात्र त्याचें वेशीबाहेर असे. ही विसंगति सिमेंटांत ओततां येत नाहीं; ती कागदांतच वाचावी लागते.

दुसरा आक्षेप याहून महत्त्वाचा आहे. येथील गांव स्वयंपूर्ण म्हणून दाखविला जातो. आमच्याबरोबर आलेल्या एका लहान मुलानें सर्व गांव फिरून झाल्यावर विचारिलें, “यांत मीठ कोण करतो?” प्रश्न मार्मिक होता. देशावरील खेड्यांस मीठ कोंकणांतून, लमाणांच्या बैलांच्या पाठीवर, घाट चढून येई. इ. स. १६७१ मध्यें शिवाजी महाराजांनीं कुडाळच्या सुभेदारास बारदेशच्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली, ती आपल्या मुलखांतील मिठाचा व्यापार बुडूं नये म्हणूनच. म्हणजे ज्या चिमूटभर मिठावांचून खेड्याची भाकरी अळणी, तें राज्यकारभार व व्यापार यांच्याशीं बांधलेलें होतें. हिंदी खेडीं हीं लहान लहान प्रजासत्ताकें होत, असें चार्ल्स मेटकाफ यानें इ. स. १८३० च्या टिपणांत म्हटलें. ती कल्पना आपणांस गोड लागली, इतकेंच. ‘गांव-गाडा’ या इ. स. १९१५ च्या ग्रंथांत त्रिंबक नारायण आत्रे यांनीं बलुतेपद्धतीचे दोषहि निर्भीडपणें मांडिले होते, हें आपण विसरतों.

तथापि उपाय दुर्घट नाहीं. प्रत्येक कारागिराच्या पुतळ्याजवळ त्याच्या वतनाविषयींच्या एखाद्या अस्सल कागदाची प्रतिकृति व तिचें बाळबोध लिप्यंतर लावावें. लमाणाच्या तांड्यास वेशीशीं जागा द्यावी. मग हेंच स्थळ मुलांची उत्कृष्ट शाळा होईल. मात्र ते कागद आहेत कोठें? ते आमच्या वाचकांच्या माळ्यांवर, रुमालांत, कसरीच्या तोंडीं आहेत. सिमेंटचा पुतळा भंगला तर पुन्हा घडवितां येईल. खाल्लेला महजर पुन्हा लिहितां येणार नाहीं. ज्यांच्या घरीं बलुत्याचे कागद असतील, त्यांनीं निदान त्यांची नक्कल करून ठेवावी, एवढी आमची विनंति आहे.