भूऔष्णिक संयंत्रांतील धातूंचे क्षरण : सरासरी दराच्या मर्यादा

भूऔष्णिक संयंत्रांतील धातूंच्या क्षरणाचा प्रश्न बहुधा वर्षाला किती मिलिमीटर धातू झिजतो, या एका आकड्यात मांडला जातो. ही मांडणी सोयीची असली तरी पुरेशी नाही. एलिस व कोनोव्हर यांच्या १९८१ मधील मार्गदर्शिकेने ऑक्सिजन, हायड्रोजन आयन, क्लोराइड, सल्फाइड, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया व सल्फेट या घटकांभोवती धातुनिवडीचा विचार बांधला, हे तिचे मोठे श्रेय होय. मात्र अशा ग्रंथांतील रासायनिक दृष्टी बाजूला ठेवून कोष्टकांतील आकडेच उचलण्याचा मोह अभियंत्याला होतो.

कार्बन पोलाद सर्वत्र सारखे झिजत असेल, तर नळीची जाडी वाढवून काम भागते. स्टेनलेस स्टीलचे तसे नाही. त्याचा सरासरी दर नगण्य असतो. परंतु तप्त क्लोराइडयुक्त पाण्यात थोडासा ऑक्सिजन शिरला की खळगे पडतात, ताणाखालील भागास तडे जातात. खोल भूगर्भातील तप्त पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. तो येतो गळक्या पंपातून आणि बंद काळात उघड्या राहिलेल्या नळांतून. म्हणजे येथे दोष धातूइतकाच देखभालीचाही असतो.

आइसलँडमधील क्राफ्ला येथील ‘आयडीडीपी-१’ ही विहीर या संदर्भात विशेष बोलकी आहे. २००९ साली सुमारे २१०० मीटर खोलीवर ती थेट शिलारसात गेली. पुढे तिच्या मुखाशी सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाची वाफ मिळाली. त्या वाफेत हायड्रोजन क्लोराइड होते. कोरड्या, अतितप्त वाफेत ते फारसे उपद्रवी नसते. पण वाफ साकळू लागताच आम्ल पहिल्या थेंबांतच उतरते आणि पोलाद झपाट्याने खाल्ले जाते. २०१२ साली झडपांच्या बिघाडामुळे विहीर बंद करावी लागली. ती थंड करताना आतील पोलादी नळीचेही नुकसान झाले. स्थिर अवस्थेतील क्षरणदर कितीही अचूक मोजला, तरी असा अवस्थांतराचा काळ त्यात उमटत नाही.

पश्चिम किनारपट्टीवरील अनेक उष्ण झऱ्यांचे पाणी क्लोराइडप्रधान आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरी परिसर त्यांपैकीच. अशा पाण्यासाठी उष्णता-विनिमयक निवडताना काही आठवडे बुडवून ठेवलेल्या सपाट पट्टीची वजनघट हा एकमेव पुरावा मानणे धाडसाचे ठरेल. वाकवून ताण दिलेली पट्टी, हवा मिसळलेले पाणी आणि मुद्दाम घडवून आणलेला खंड यांचाही चाचणीत अंतर्भाव हवा.